नाममुद्रा आणि फाइल : अंकीय युगातील संगीतश्रवण व अल्पपरिचित गाण्यांचे भवितव्य (सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

संगीताच्या इतिहासाचा विचार करताना गायक, घराणी, राग आणि रचना यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने गाणे ज्या माध्यमातून श्रोत्यापर्यंत पोचते त्या माध्यमाचा विचार मराठीत थोडा झाला. ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत आणि आता अंकीय फाइल यांकडे केवळ वाहन म्हणून पाहिले गेले. वस्तुतः हे वाहन बदलले की आत बसणारा प्रवासीही बदलतो. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला वाटेत उतरवायचे हेही बदलते. अंकीय स्वरूपामुळे सर्व काही टिकेल, काहीही हरवणार नाही, असा विश्वास एकविसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र व्यक्त होत होता. या विश्वासाची तपासणी सातारा-सांगली या परिसराच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा परिसर निवडण्यास कारण आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळेपर्यंत या भूभागाचा बराचसा प्रशासकीय आणि सांस्कृतिक इतिहास एकत्रच घडला. शेजारच्या संस्थानांनी त्यात आपापली भर घातली. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर गायकीचे अध्यापन केले आणि पुढे अब्दुल करीम खाँ तेथे स्थायिक झाले. औंध संस्थानात अंतूबुवा जोशी दरबार गायक होते. रेठरे हरणाक्ष येथे पठ्ठे बापूरावांचा, तर वाई तालुक्यातील पसरणी येथे शाहीर साबळे यांचा जन्म झाला. कवलापूरने काळू-बाळूंचा तमाशा दिला. दरबारी ख्याल, नाट्यपद, लावणी, पोवाडा आणि जात्यावरची ओवी हे सारे प्रकार इतक्या जवळजवळ नांदलेले प्रदेश थोडे असतील. म्हणूनच माध्यमाने कोणाला तारले आणि कोणाला नाही, हे येथे स्पष्टपणे पाहता येते.

'अल्पपरिचित गाणे' ही संज्ञा येथे सैलपणे वापरून चालणार नाही. काही गाणी मुद्रित झाली, परंतु विस्मृतीत गेली. काही एकदाच ऐकली गेली. त्यांचे मुद्रण झालेच नाही किंवा झालेले मुद्रण लोकांपर्यंत पोचले नाही. काही अशी, की मुद्रण ही कल्पनाच त्यांच्या जगात नव्हती. दुसऱ्या प्रकाराचे बोलके उदाहरण मंगेशकर कुटुंबाच्या चरित्रात सापडते. मास्टर दीनानाथांचे वास्तव्य सांगलीत असताना ज्यांचे बालपण तेथे गेले, त्या लता मंगेशकरांनी १९४२ च्या 'किती हसाल' या चित्रपटासाठी आपले पहिले चित्रपटगीत गायिले आणि ते चित्रपटातून वगळले गेले. पुढे ज्या आवाजाची असंख्य ध्वनिमुद्रणे झाली, त्या आवाजाचा आरंभच असा लोकांच्या कानांआड राहिला. विस्मृती ही केवळ सामान्यांच्या वाट्याला येते असे नाही.

तबकडीने काय राखले

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांच्या दौऱ्यापासून प्रारंभ झाला. तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचा अवकाश असे. तासभर चालणारा ख्याल त्या अवकाशात बसवणे म्हणजे पैठणीचा रुमाल करण्यासारखेच होते. परंतु हा रुमालच आज शिल्लक आहे, हेही नाकारता येत नाही.

बाळकृष्णबुवांचे निधन १९२६ साली झाले. तोवर तबकडी महाराष्ट्रात चांगली रुळलेली होती. तरीही बुवांचा आवाज आपल्यापर्यंत पोचलेला नाही. पोचली ती विष्णु दिगंबर पलुस्कर, अंतूबुवा जोशी यांसारख्या शिष्यांतून वाहत आलेली गायकी. विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीबरोबर हिंडलेले आणि अखेरच्या काळात कुरुंदवाडला राहिलेले रहिमत खाँ १९२२ साली निवर्तले. त्यांच्या उतारवयातील मोजक्या तबकड्या मात्र आहेत. या दोघांपैकी अधिक 'टिकले' कोण, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. बुवांचा स्वर नाही, पण विद्या आहे. खाँसाहेबांचा स्वर आहे, परंतु तो थकलेल्या वयाचा आणि तीन मिनिटांत कोंडलेला. शिष्यपरंपरा हेही एक ध्वनिमुद्रणच असते आणि प्रत्येक पिढी त्यावर आपला ठसा उमटवीत असते, हे विसरले की माध्यमांची चर्चा यंत्रांच्या यादीपुरती उरते.

अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांची पहिली मुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, कर्ण्यासमोर गाऊन केलेली. नंतरची १९३० नंतरची, ओडियन कंपनीसाठी विद्युत ध्वनिग्राहकावर केलेली. भैरवीतील 'जमुना के तीर' आणि 'मानापमान' नाटकातील 'चंद्रिका ही जणू' ही आज ज्या रूपात ऐकली जातात ती या दुसऱ्या काळातील आहेत. मायकेल किनियर यांनी २००३ साली खाँसाहेबांच्या मुद्रणांची चरित्रपर सूची प्रसिद्ध केली. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने तबकड्यांच्या नोंदी, लेख आणि सूची यांचे मोठे काम उभे केले. विद्यापीठांनी करावयाचे हे काम बहुतांशी हौशी संग्राहकांनी केले, हे महाविद्यालयीन वाचकाला सुखावणारे नसले तरी खरे आहे.

तबकडीवरून अंकीय प्रत तयार करताना एक सूक्ष्म अडचण उद्भवते. जुन्या तबकड्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हटले जात असले तरी आरंभीच्या काळात मुद्रणाचा वेग एकसारखा नसे. तो कधी कमी, तर कधी अधिक असे. सत्तरच्या आसपास मुद्रित झालेली तबकडी ७८ च्या वेगाने फिरवली की सुमारे दोन अर्धस्वरांच्या अंतराने पट्टी चढते, लय वाढते आणि गायकाचा आवाज अधिक चिरका भासतो. तबकडी वाजवणारा जाणकार कानाने वेग जुळवीत असे. फाइल एकदा चुकीच्या वेगाने तयार झाली की चूक कायम होते आणि तिच्या हजार प्रती निघतात. नवा श्रोता तीच पट्टी गायकाची समजतो. अंकीय प्रत म्हणजे मूळ मुद्रणाचे जतन, असे म्हणण्यापूर्वी ती कोणी आणि कोणत्या वेगाने केली, हे विचारणे अगत्याचे ठरते.

श्रुती, जवारी आणि संकुचन

अंकीय ध्वनीविरुद्ध रसिकांकडून येणारा एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. आकड्यांच्या पायऱ्यांत स्वर मोडला जातो, त्यामुळे श्रुती आणि मींड यांची हानी होते, असा हा आक्षेप आहे. या आक्षेपाला सांगलीतच एक जुना पूर्वरंग आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींच्या मोजमापावर इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य झाले होते. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियमचाही प्रयत्न झाला. स्वर आकड्यात बांधण्याची महत्त्वाकांक्षा आणि तिला गवयांनी केलेला विरोध, दोन्ही संगणकापेक्षा बरीच जुनी आहेत.

परंतु हार्मोनियम आणि अंकीय मुद्रण यांत मूलभूत भेद आहे. हार्मोनियमची पट्टी स्वराचे स्थानच ठरवून टाकते. दोन पट्ट्यांमधील जागा तिला दाखवता येत नाही. अंकीय मुद्रण स्वरस्थान ठरवीत नाही. ते ध्वनिलहरीचे मोजमाप करते, कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकानुसार सेकंदाला ४४,१०० वेळा, आणि मानवी कानाला ऐकू येणारा सर्व पट्टा त्यातून पुन्हा उभा करता येतो. मींड त्यात अखंड राहते. तेव्हा 'डिजिटलमुळे श्रुती गेल्या' हे विधान भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखे असले तरी शास्त्रदृष्ट्या टिकत नाही.

खरी काटछाट पुढच्या टप्प्यावर, म्हणजे संकुचनात होते. एमपीथ्री हे स्वरूप जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून विकसित झाले. १९९५ साली त्याच्या फाइलींना हे नाव मिळाले. डिस्कवरील ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीला त्याच्या अकराव्या भागाइतकीच माहिती पुरते. हे साधते कानाच्या एका मर्यादेचा लाभ घेऊन. मोठ्या आवाजाच्या निकटचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. तो जेथे जाणवणार नाही असे गणिताने ठरते, तेथे त्याची माहिती कमी केली जाते किंवा वगळली जाते.

आता मिरजेच्या तंबोऱ्याचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी ज्या वाद्याची कीर्ती देशभर नेली आणि ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, त्या तंबोऱ्याचे सारे मर्म जवारीत असते. घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा धागा केसभर हलवला की तारेतून उपस्वरांचा झोत उठतो. किराणा गायकीत गायकाचा षड्ज या झोतात विरघळून जावा अशी अपेक्षा असते. म्हणजेच गायकाचा ठळक स्वर आणि त्याला लागूनच असलेली तंबोऱ्याची क्षीण आस यांचे नाते हाच या गायकीचा प्राण आहे. संकुचनाचे गणित ज्याला 'झाकलेला आवाज' समजते तो नेमका हाच. उच्च दर्जाच्या फाइलीत हा फरक बहुतेक श्रोत्यांना कळणार नाही. परंतु मेमरी कार्डावर अधिक गाणी मावावीत म्हणून चौसष्ट किंवा त्याहून कमी किलोबिटवर आणलेल्या, एकदा संकुचित झालेल्या फाइलीवरून पुन्हा संकुचित केलेल्या आणि मोबाइलच्या इवल्या कर्ण्यातून वाजणाऱ्या प्रतीत तंबोरा म्हणजे मागे राहिलेली एक खरखर असते. अर्थात न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की जुन्या तबकडीतही तंबोरा फारसा कधी ऐकू येत नसे. ओडियनच्या तबकड्यांतील तंबोरा ज्यांना 'स्पष्ट' आठवतो, त्यांना बहुधा मैफलीतील तंबोरा आठवत असतो.

नाममुद्रेचा प्रश्न

आवाजाच्या दर्जापेक्षा अधिक गंभीर प्रश्न नावाचा आहे. अल्पपरिचित गाणे हरवते ते त्याचा आवाज नाहीसा झाल्यामुळे, असा समज आहे. अंकीय काळात ते बहुधा नाव नाहीसे झाल्यामुळे हरवते.

मौखिक परंपरेला हा धोका पूर्वीच कळलेला होता. म्हणून तिने कर्त्याचे नाव गाण्याबाहेर ठेवलेच नाही. ते गाण्यातच विणले. संतांच्या अभंगात अखेरच्या चरणी नाममुद्रा येते. शाहिरांनी हीच रीत चालवली. पठ्ठे बापूरावांची लावणी फडाफडांतून, तोंडातोंडी कितीही फिरली तरी शेवटच्या कडव्यात बापूराव उभे असत. कागद नसला, छापखाना नसला तरी चालत असे. चोरी करावयाची तर कडवेच मोडावे लागे आणि ते जाणत्याच्या ध्यानात येई.

आरंभीच्या ध्वनिमुद्रणात हीच युक्ती वेगळ्या कारणाने आली. तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा म्हणून गौहर जान आणि त्या काळचे इतर कलावंत गाणे संपताच आपले नाव पुकारीत. पुढे तबकडीच्या मध्यावर छापील लेबल स्थिरावले. त्यावर कंपनी, क्रमांक, गायकाचे नाव, पुष्कळदा राग आणि नाटकाचे नाव असे. लेबल आणि ध्वनी एकाच वस्तूचे भाग होते. एक फेकून दुसरे ठेवता येत नव्हते.

एमपीथ्री फाइलीला आरंभी असे लेबलच नव्हते. १९९६ साली एरिक केम्प यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडण्याची सोय केली. तिला आयडीथ्री असे नाव आहे. तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. शीर्षकाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला एक क्रमांक. हा क्रमांक एका ठरीव यादीतून निवडावयाचा. मूळ यादीत ऐंशी प्रकार होते. त्यांत पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे सूक्ष्म पोटभेद होते; नाट्यपद, लावणी, पोवाडा, भारूड, ओवी यांना जागा नव्हती. देवनागरी अक्षरांचीही तीत सोय नव्हती. नंतर १९९८ पासूनच्या सुधारित पट्टीत ती झाली, परंतु तोवर रोमन लिपीत नावे लिहिण्याची सवय पक्की झालेली होती.

एका नाट्यपदाची ओळख पुरती करावयाची तर पद, नाटक, नाटककार, संगीत देणारा, मूळ चाल, राग, ताल, गाणारा नट आणि मुद्रणाचे वर्ष इतके सांगावे लागते. 'कलाकार' या एकाच रकान्यात यांपैकी कोणाला बसवावे? उत्तर ठरलेले आहे: गाणाऱ्याला. कवी आणि संगीतकार तेथेच गळून पडतात. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत बहुसंख्य श्रोत्यांना शाहीर साबळे यांचे म्हणून ठाऊक आहे. राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल ही माहिती वेगळी मिळवावी लागते. २०२३ मध्ये हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले तेव्हा त्यातील दोन चरणांचे, १ मिनिट ४१ सेकंदांचे रूप अधिकृत ठरले. शासकीय समारंभाच्या गरजेने हा संक्षेप झाला, त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या शाहिराने 'यमराज्यात एक रात्र' आणि 'आंधळं दळतंय' यांसारखी मुक्तनाट्ये रंगभूमीवर आणली, त्यांचा आवाज नव्या पिढीच्या कानी प्रामुख्याने एवढ्याच अवधीपुरता पडतो, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

संक्षेपाचा आणि नाममुद्रेचा संबंध येथेच येतो. तीन मिनिटांच्या तबकडीसाठी लावणीची कडवी कमी केली जात. आज अर्ध्या मिनिटाच्या चलचित्रासाठी केवळ ध्रुपदाची ओळ उचलली जाते. दोन्ही वेळा गळते ते शेवटचे कडवे आणि कर्त्याचे नाव शेवटच्याच कडव्यात असते. मौखिक परंपरेने जे कुलूप लावले होते ते माध्यमाच्या मर्यादेने असे अजाणता उघडले गेले. पुढे ती लावणी 'पारंपरिक' म्हणून नोंदली जाते आणि तिचा कर्ता कोण हा प्रश्नच उरत नाही. 'पारंपरिक' हा शब्द पुष्कळदा अज्ञानाचे सभ्य नाव असतो.

याच्या नेमकी उलट स्थिती छापील लोकगीतसंग्रहांची आहे. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून स्त्रियांची गाणी, ओव्या, उखाणे यांचे जे संग्रह प्रसिद्ध केले ते मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पायाच आहेत. त्यांत शब्द आहेत, प्रसंग आहेत, विधींचे संदर्भ आहेत. चाल मात्र कागदावर उतरलेली नाही. म्हणजे छापील संग्रहात गाण्याला ओळख आहे, गळा नाही. मोबाइलमधील फाइलीत गळा आहे, ओळख नाही. हे दोन अर्धे एकत्र आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झालेले नाही.

झाले आहे ते एका वेगळ्या प्रकल्पात. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या एका संस्थेमार्फत जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहाने त्या शब्द, ध्वनी आणि छायाचित्रांसह प्रकाशात आणल्या. हे काम प्रामुख्याने पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून वाढले असले तरी कृष्णाकाठच्या ओवीशी त्याचे नाते सख्ख्या बहिणीचे आहे. त्याचे खरे महत्त्व संख्येत नाही. प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, ओवीचा विषय ही नोंद आहे, यात आहे. शतकानुशतके जी स्त्री आपल्या रचनेत भाऊ, लेक, सासर, विठ्ठल यांची नावे गुंफीत आली आणि स्वतःचे नाव क्वचितच घालीत आली, तिला येथे प्रथमच कर्तेपण लाभले. अंकीय माध्यम येथे हानिकारक ठरले नाही, कारण नोंद आधी आणि फाइल नंतर असा क्रम तेथे पाळला गेला. एक मर्यादा मात्र उरते. गिरणी आल्यावर जाते थांबले. ध्वनिमुद्रणासाठी बायका पुन्हा जात्यावर बसल्या किंवा जात्यावाचूनच गायिल्या. पहाटेची ओवी दळणाच्या श्रमातून निघत असे आणि ती कोणी ऐकावी म्हणून गायिली जात नसे. मुद्रणातील ओवी मात्र ऐकवण्यासाठी गायिलेली आहे.

श्रवणाची बदललेली रीत

तबकडीच्या काळात गाणे ऐकणे ही सामुदायिक गोष्ट होती. फोनो वाड्यातील एकाकडे आणि श्रोते गल्लीतले. १९६३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राने या श्रवणाला वेळापत्रक दिले. अमुक गाणे कधी लागेल हे श्रोत्याच्या हाती नव्हते. तो पत्र पाठवी आणि वाट पाही. या वाट पाहण्यात नको असलेली, अपरिचित गाणीही कानावरून जात. अल्पपरिचित गाण्याला श्रोता मिळत असे तो बहुधा असा, दुसऱ्याच गाण्याची वाट पाहताना. निवेदक कवी आणि संगीतकार यांची नावे सांगत असे, हाही या श्रवणाचा एक अनुषंगिक लाभ होता.

ध्वनिफितीने निर्मिती स्वस्त केली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविल्याप्रमाणे मोठ्या कंपनीची मक्तेदारी फितीने मोडली आणि प्रादेशिक बोलींतील गाण्यांना बाजार मिळाला. महाराष्ट्रातही भीमगीते, भक्तिगीते, भारुडे, गोंधळ यांना फितीने गावोगावच्या जत्रांत पोचवले. त्यांतील पुष्कळ फितींची अंकीय प्रत कधी निघालीच नाही. तबकडीला किमान संग्राहक मिळाला. स्वस्त फितीला तोही नाही, कारण स्वस्त वस्तू कोणी जपून ठेवीत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आवाजापेक्षा १९८० ते २००० या काळातील स्थानिक ध्वनिफितींचाच लोप अधिक झाला, असे दिसून आल्यास आश्चर्य वाटू नये.

त्यानंतर मेमरी कार्ड आले. तीन मिनिटांचे गाणे १२८ किलोबिटवर तीन मेगाबाइटांहून थोडे कमी भरते; एका गिगाबाइटमध्ये साडेतीनशेच्या आसपास गाणी मावतात. तालुक्याच्या बाजारपेठेतील मोबाइल दुकानदार ही गाणी भरून देऊ लागला आणि तोच नकळत त्या भागाचा संगीतसंपादक झाला. त्याच्या संगणकात जे फोल्डर असेल ते शंभर गावांत पोचे. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरील कर्ण्यांतून रात्री-अपरात्री जे ऐकू येते, ते अशाच फोल्डरांचे वंशज आहे. या गाण्यांत कधीकधी अस्सल, अन्यत्र न मिळणारी लोकगीतेही असतात. नाव विचारले तर फाइलीवर केवळ क्रमांक आढळतो.

२०१६ नंतर स्वस्त इंटरनेटने हेही मागे टाकले. ख्रिस अँडरसन यांनी २००४ साली मांडलेल्या 'लांब शेपटी'च्या सिद्धान्तानुसार, साठवणुकीचा खर्च शून्यावर आला की लोकप्रिय मोजक्या गाण्यांइतकाच अल्पपरिचित असंख्य गाण्यांनाही बाजार मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात २०१३ मध्ये स्पॉटिफायने आपल्या संग्रहातील सुमारे दोन कोटी गाण्यांपैकी ऐंशी टक्के गाणी किमान एकदा ऐकली गेल्याचे अभिमानाने सांगितले. याचा अर्थ सुमारे चाळीस लाख गाणी तोवर एकदाही कोणी ऐकली नव्हती. ही कंपनी २०१९ मध्ये भारतात आली. २०२४ पासून वर्षाला एक हजारांहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन न देण्याचे तिचे धोरण आहे. शेपटी लांब आहे, परंतु तिच्या टोकापर्यंत रक्त पोचत नाही. शिफारस करणारे गणित पूर्वी ऐकलेल्यावरून पुढचे सुचवते. जे कोणीच ऐकलेले नाही ते सुचवण्यास त्याच्याकडे फारसा आधार नसतो.

सारेगामा कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेले 'कारवाँ' हे यंत्र या संदर्भात लक्षणीय आहे. पाच हजार गाणी आत भरलेली आणि दिसण्यात जुन्या रेडिओसारखे. अमर्याद निवडीने थकलेल्या श्रोत्याने निवड न करण्याचे सुखच विकत घेतले. त्यातील गाणी मात्र आधीच नावाजलेली होती. रेडिओचे रूप आले. अनपेक्षित गाणे कानी पडण्याची शक्यता आली नाही.

याउलट मराठी गीतांचे शब्द, कवी, संगीतकार, राग, नाटक वा चित्रपट यांच्या काटेकोर नोंदींसह मांडलेला 'आठवणीतली गाणी' हा संग्रह अलका विभास यांनी व्यक्तिगत प्रयत्नातून वाढवला. त्याचा विशेष ध्वनीपेक्षा नोंदीत आहे. भावगीत आणि नाट्यगीत यांना त्याने नाव परत दिले. लावणी-पोवाड्याचा आणि अनामिक लोकगीतांचा भाग त्या मानाने अपुरा आहे, पण ती मर्यादा मराठी मध्यमवर्गीय आठवणीचीच आहे.

उपलब्ध साहित्य आणि काळाची मुदत

सातारा-सांगली भागातील अप्रकाशित ध्वनीचा मोठा साठा आजही घरगुती फितींत असणे संभवनीय आहे. औंध येथे १९४० साली अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला आणि गजाननबुवा जोशींनी पुढे चालवलेला संगीतोत्सव, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृत्यर्थ होणारी संगीतसभा, गावोगावच्या जत्रांतील रात्रभर चाललेले तमाशाचे वग, यांचे मुद्रण करण्याची हौस फिरत्या फितीचे यंत्र घरोघरी आल्यापासून अनेकांना होती. अशा फितींतील मुद्रण तबकडीसारखे तीन मिनिटांत कोंडलेले नसते. त्यांत आलाप पुरा असतो, श्रोत्यांची दाद असते, सूत्रधाराचा विनोद असतो, मधेच लहान मूलही रडते. लावणीचे शेवटचे कडवेही असते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता १९५७ च्या भारतीय कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतो. त्यामुळे ओडियनच्या तबकड्या केव्हाच मुक्त झाल्या आहेत. खासगी फितींबाबत मात्र कलावंताचा हक्क आणि वारसांची संमती हे प्रश्न उभे राहतात. ते सोडवण्याजोगे आहेत, पण फित तोवर थांबणारी नाही. तिच्यावरील चुंबकीय लेप सुटतो, बुरशी धरते आणि ती वाजवणारी चांगली यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. शिवाय साठ मिनिटांची फित संगणकात उतरवण्यास साठ मिनिटेच लागतात. फाइलीची नक्कल क्षणात होते, परंतु फितीची पहिली अंकीय प्रत बसून, ऐकतच करावी लागते. त्या तासाभरात फितीच्या मालकाला विचारून घेता येतात ते तपशील असे: गाव कोणते, साल कोणते, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे पद कोणाचे, आणि मधेच जो हसला तो कोण.